आईच्या मशीनची सिद्धता

शिन्चू,
गुरुवार, दुपार

प्रिय आ-तेक,

हे पत्र मुद्दाम तुझ्या कालवांच्या शेडच्या पत्त्यावर पाठवतेय, घरी नाही. घरी आलेलं प्रत्येक पाकीट आई आधी उजेडाकडे धरून बघते, हे मी तुला सांगायला नको. ताईनं फोन करायचा सोडून तातडीच्या टपालानं पत्र का धाडलं, म्हणून तू घाबरशील. घाबर. मीही घाबरलेय, आणि एकटीनं घाबरून घाबरून माझा जीव आता मेटाकुटीला आलाय. फक्त आईसमोर घाबरू नकोस. पत्र तिच्या डायलिसिसच्या मशीनबद्दल आहे. पूर्ण वाच, मधेच उठून घरी धावू नकोस, आणि आधी हात पुसून घे. कागद भिजला तर शेवटचं तुला वाचता येणार नाही, आणि हे सगळं मी त्या शेवटच्यासाठीच लिहितेय.

तू पाठवलेली कालवं सोमवारी पोचली. डब्यातला बर्फ अजून शाबूत होता. यंदाची चांगलीच टपोरी आहेत, आईला सांग. तुझ्या भावोजींनी ती पातळ शेवयांच्या रश्शात घालून केली आणि मी दोन घास खाऊन वाटी बाजूला सारली, तेव्हा ते म्हणाले, "भावाची कालवं तू ताटात टाकतेस म्हणजे तुला डॉक्टरकडे न्यायला हवं." मी म्हटलं, पेपर तपासायचे राहिलेत. त्यांनी वाटी उचलली आणि आत नेली. एवढ्या वर्षांत त्या माणसाला माझं खोटं एकदाही पटलेलं नाही. हे मी उगाच लिहीत नाहीये. मला खोटं बोलता येत नाही, हे तू लक्षात ठेव.

बाबा गेले ती सकाळ मला या आठवड्यात सारखी आठवते. मी तिथे नव्हते आणि तूही नव्हतास, तू होडीवर होतास आणि मी वर्गावर. म्हणून आपल्या दोघांकडे आईनं सांगितलेलंच आहे. च्याईच्या त्या मोठ्या हॉस्पिटलात बाबा डायलिसिसच्या नेहमीच्या खुर्चीत बसले, सुई टोचणाऱ्या नर्सला म्हणाले, "हळू गं बाई, मी मासा नाही," आणि अर्ध्या तासानं त्यांना जांभया यायला लागल्या. आई त्यांच्या चपला मांडीवर घेऊन बसली होती, कारण तिथे चपला चोरीला जातात असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. मग ते मशीन ओरडायला लागलं. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलेलं होतं. आई म्हणाली, मशीननं माझा माणूस पिळून काढला. मशीन कुणी तपासलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीत दुसरे कुणीतरी आजोबा बसलेले होते, हे तर मी स्वतः बघितलं, बाबांचे कागद आणायला गेले होते तेव्हा.

त्यानंतर मी काय शिकवते आणि कशात संशोधन करते हे तू कधी विचारलं नाहीस, आणि मी सांगितलं की तू जांभया देतोस. पण माझं काम तिथूनच वळलं. त्याआधी मी विमानांचे आणि बँकांचे प्रोग्राम तपासायची. त्यानंतर दवाखान्यातल्या यंत्रांकडे वळले. लोकांना मी ध्येयवादी वाटते. तसलं काही नाही. मला त्या मशीनची किंकाळी ऐकू यायची, जी मी प्रत्यक्षात ऐकलीच नव्हती.

आणि मग आईचीच मूत्रपिंडं गेली. आठवतंय ना काय तमाशे केले तिनं? "जन्मभर कालवं फोडून हात फाटले, आता रक्तही धुवायला टाकू होय?" म्हणाली. काढे झाले, मंदिर झालं, त्या ताइनानच्या वैद्याच्या पुड्या झाल्या. पाय सुजून चपलेत मावेनात, तरी ही पायरीवर बसून शेजारणीला सांगतेय की थंडीनं सुजलेत. शेवटी छातीत पाणी भरलं आणि श्वास लागला, तेव्हा तू तिला उचलून गाडीत घातलंस. शुद्धीवर आल्या आल्या तिनं तुला काय विचारलं होतं? "त्या मशीनला लावलं का रे मला?" लावलं होतं. त्या दिवशी ती तुझ्याशी बोलली नाही.

मी गावी, बुदाईला आले ती नवीन मशीनची बातमी घेऊन. आई ओट्याशी लसूण सोलत होती, आणि तू डोक्यावरचं हेल्मेटही न काढता दारात उभा होतास. मी म्हटलं, आपल्या गावच्या क्लिनिकमध्ये नवीन मशीनं येतायत, त्यांचा प्रोग्राम आम्ही तपासलाय. आई म्हणाली, "तपासलास म्हणजे काय केलंस? पुष्कळदा चालवून बघितलंस?" मी म्हटलं, नाही आई, पुष्कळदा चालवलं तर तेवढ्या वेळचंच कळतं. आम्ही चालवत नाही. त्याला दिलेली एकूण एक आज्ञा घेऊन, शाळेत भूमितीचं प्रमेय सिद्ध करतात तसं सिद्ध करतो, की काहीही झालं तरी डॉक्टरांनी ठरवल्यापेक्षा जास्त पाणी ते माणसाच्या अंगातून काढणार नाही. ती म्हणाली, "कधीच नाही?" मी म्हटलं, कधीच नाही. तिनं लसणाच्या दोन पाकळ्या आणखी सोलल्या. मग म्हणाली, "त्या मशीनवर बसेन. दुसऱ्या कुठल्या नाही. आणि बाबा गेले तिथे तर मेले तरी नाही."

पुढचं तू रोज बघतोस. क्लिनिकची ती मालकीणच झाली आहे. लिम काका नवीन मशीनला घाबरत होते, तोफूवाल्या मावशी तर घरी परत निघाल्या होत्या. आईनं त्यांच्यासमोर खुर्चीत बसून हात पुढे केला, "टोच गं, माझ्या पोरीनं तपासलंय." नर्स आ-हुईनं सगळ्या मशीनांवर ती मक्याच्या कुरकुऱ्यांची हिरवी पुडी ठेवली, मशीननं शहाण्यासारखं वागावं म्हणून ठेवतात ती. तर आईनं आपल्या मशीनवरची पुडी काढून घेतली, "याला लाच कशाला द्यायची? सिद्ध झालंय हे," म्हणाली आणि फोडून खायलाच लागली. आ-हुई ओरडत धावली, "आजी, मीठ! आजी, थुंका ते!" हे तू मला फोनवर सांगितलंस तेव्हा मी हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी होते. माझ्या विद्यार्थ्यांनाही सांगितलं. आमच्या विभागात मोठ्या संगणकांवर अशा पुड्या ठेवतात, त्यांना मी किती टोमणे मारलेत.

आता ऐक. गेल्या आठवड्यात पहिल्या वर्षाच्या वर्गावर मी हेच शिकवत होते. दाखवायला म्हणून आईच्याच मशीनचा प्रोग्राम घेतला, तो मला तोंडपाठ आहे. आमचं एक साधन असतं, एक प्रोग्रामच तो. त्याच्यापुढे विधान ठेवायचं. सिद्ध होत असेल तर हिरवी खूण येते, नसेल तर लाल. पोरांना लाल खूण कशी दिसते ते दाखवायचं होतं. म्हणून मी मुद्दाम वेडगळ विधान लिहिलं, 'हे मशीन ठरवल्याच्या दुप्पट पाणी काढतं.' कळ दाबली. हिरवी खूण आली. वर्ग हसला, त्यांना वाटलं बाईंनी गंमत केली. मीही हसले. मग लिहिलं, 'हे मशीन पाण्याचा थेंबही काढत नाही.' हिरवी. मग लिहिलं, 'एक आणि दोन सारखेच.' हिरवी. पोरं टाळ्या वाजवायला लागली, आ-तेक. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले आणि काहीतरी पुसत राहिले, फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं तरी.

काय झालं होतं ते तुला कळेल असं सांगते. मी तुला म्हटलं, आपल्या घरात जितके हत्ती आहेत त्या सगळ्यांना कालवं आवडतात, तर तू मला खोटं ठरवू शकत नाहीस. मला कालवं नावडणारा एक हत्ती आणून दाखव म्हटलं तर कुठून आणशील? घरात हत्तीच नाही. सगळ्यांना कालवं नावडतात म्हटलं तरी तेही खरंच. तसंच झालं. सिद्धता करताना काही गोष्टी गृहीत धराव्या लागतात. आमच्या प्रयोगशाळेनं धरलं होतं की पंप फिरत असेल तेव्हा नळीतून काहीतरी वाहतच असतं. मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या लोकांनी लिहून दिलं होतं की मशीन सुरू होतं त्या क्षणी पंप फिरत असतो आणि नळीत काहीच वाहत नसतं. दोन्ही वाक्यं आपापल्या जागी शहाणी आहेत. एकत्र ठेवली की मशीन सुरूच होऊ शकत नाही. म्हणजे आम्ही जे सिद्ध केलं ते कधीच सुरू न होणाऱ्या मशीनबद्दल होतं, आणि अशा मशीनबद्दल काहीही खरं ठरतं. ही चूक आमच्याच धंद्यातले लोक करू शकतात. साध्या माणसानं मशीन चालवून बघितलं असतं.

तुझा पहिला प्रश्न मला इथपर्यंत ऐकू येतोय, "म्हणजे मशीन बिघडलेलं आहे का?" मला माहीत नाही. हेच तर सांगतेय. बिघडलेलं आहे हे कळलं असतं तर मी त्याच दिवशी गाडीत बसून तिथे आले असते आणि त्याची वायर उपटली असती. चांगलं आहे हे कळलं असतं तर तुझी कालवं पोटभर खाल्ली असती. मला काहीच माहीत नाही, आणि दर मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी आई हात पुढे करते.

मग मी ते दुरुस्त करायला बसले. एक गृहीत काढून टाकलं, बाकीचं नीट केलं, आणि सगळी विधानं पुन्हा एकेक करून साधनापुढे ठेवली. हवेचा बुडबुडा आला तर मशीन थांबतं, हे सिद्ध झालं. वीज गेली तर रक्त परत जातं, हेही सिद्ध झालं. एकेक हिरवी खूण आली की मी रडायचीच बाकी असायची. एक राहिलंय. पाण्याचं. ठरवल्यापेक्षा जास्त पाणी कधीच काढणार नाही, हे सिद्धही होत नाही आणि खोटंही ठरत नाही. साधन नुसतं फिरतंय. हिरवी नाही, लाल नाही. आणि गेल्या महिन्यात तूच मला सहज सांगितलं होतंस, आईला मशीनवर पायात गोळे आले, घेरी आली, आ-हुईनं खुर्ची आडवी करून पाय वर केले. मी म्हटलं होतं, होतं असं डायलिसिसमध्ये. होतंच. सगळ्यांना होतं, आणि जास्त पाणी निघालं तरी असंच होतं. पण मी ते आधी कशाच्या जोरावर म्हटलं होतं ते मला ठाऊक आहे, आणि तो जोर आता राहिलेला नाही.

कंपनीकडे गेले. तिथले व्यवस्थापक शेन म्हणून आहेत, सभ्य माणूस, त्यांनी स्वतः चहा ओतला. म्हणाले, "बाई, मशीनमध्ये दोष आहे असं म्हणताय का तुम्ही?" मी म्हटलं, नाही. "मग दोष नाही असं म्हणताय?" तेही नाही. "मग तुम्ही म्हणताय तरी काय?" मी म्हटलं, आपल्याला माहीत आहे असं आपण समजत होतो, ते आपल्याला माहीत नाही. त्यांनी माझा कप पुन्हा भरला. मग म्हणाले, "आमच्याकडे एकही अपघात नाही. तुम्ही शांतपणे सिद्धता पुन्हा करा, हवा तितका वेळ घ्या. पण बाहेर बोललात तर लोक घाबरून यायचेच थांबतील. डायलिसिस चुकवलं की माणूस मरतो, हे तर सिद्ध करायला नको ना?" मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही, कारण मला लिम काका दिसले, तोफूवाल्या मावशी दिसल्या, आणि सगळ्यांच्या पुढे आपली आई दिसली, पायरीवर बसून सांगणारी की थंडीनं सुजलेत. तिला तर निमित्तच हवंय.

त्या दिवशी परतताना मी कोपऱ्यावरच्या दुकानात शिरले आणि ती हिरवी पुडी विकत घेतली. तारीखसुद्धा बघून घेतली, कारण मुदत संपलेली असेल तर उपयोग नाही म्हणतात. माझ्या खोलीत ते साधन ज्या संगणकावर फिरतंय त्याच्यावर ठेवली. माझा सहकारी दारातून बघून गेला, त्याला मी याच पुडीवरून भर सभेत हसले होते. त्यानं जाताना दार हळूच ओढून घेतलं, आणि त्यावरूनच मला कळलं की माझ्या तोंडावर काय दिसत असेल ते.

मग मी तुला फोन केला होता, रविवारी. तू अंघोळीला गेला होतास, आईनं उचलला. "जेवलीस का?" मी म्हटलं, जेवले. "आवाज असा का? नवऱ्याशी भांडलीस?" नाही गं. मग तिनंच बोलायला सुरुवात केली. क्लिनिकमध्ये कुणी नवीन म्हातारी आलीय, फार रडते, तर आईनं तिला आपल्या शेजारची खुर्ची दिलीय. "तिला मी सांगितलं, डोळे मिटून बस, माझ्या लेकीनं हे मशीन सिद्ध केलंय, ती इतकी हट्टी आहे की तिच्यापुढे मशीन काय चुकणार!" मी तोंडावर हात दाबून धरला होता. "ऐकतेयस ना?" ऐकतेय आई. "मग बोल की काहीतरी." मी म्हटलं, कमरखाचं फळ खाऊ नकोस, डॉक्टरांनी मना केलंय. ती म्हणाली, "हे सांगायला फोन केलास? बरी आहेस ना तू?" आणि ठेवला. म्हणून हे पत्र. फोनवर तिनं मला दुसऱ्या वाक्याला पकडलं असतं, आणि तुला मी सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावरून तिनं वाचलं असतं.

आज सकाळी मी आरोग्य खात्याला सगळं सांगितलं. शेन यांना आधी कळवलं होतं. ते म्हणाले, "बाई, हे तुमच्या आईच्या अंगावर येईल," आणि त्यांना खरंच वाईट वाटत होतं. खात्याची माणसं समजूतदार निघाली. कुणी मला दोष दिला नाही, नुसती पुस्तकी बाई म्हणून उडवूनही लावलं नाही. सिद्धता होईपर्यंत ही मशीनं देशभर थांबवायची, आणि एकाही माणसाचा दिवस चुकू न देता सगळ्यांना दुसरीकडे खुर्ची द्यायची, असं ठरलंय. याद्या लागतायत. आदेश उद्या, शुक्रवारी संध्याकाळी निघेल आणि सातच्या बातम्यांत येईल. आई सातच्या बातम्या किती मोठ्या आवाजात लावते ते शेजाऱ्यांनाही माहीत आहे. हे पत्र उद्या दुपारी तुझ्या हातात पडेल. तेवढाच वेळ आहे तुझ्याकडे. मी येऊ शकत नाही, उद्या आणि परवा मला तैपेईत समितीपुढे उभं राहून तेच ते सांगायचंय, नाहीतर कंपनीचे वकील आदेश अडवतील.

आज दुपारी, म्हणजे मी हे लिहीत असताना, ती त्याच मशीनवर आहे. मी क्लिनिकच्या डॉक्टरांना फोन केला. तिच्या अंगातून कमी पाणी काढायचा आकडा घाला, आणि कुणीतरी दर थोड्या वेळानं हातानं बीपी मोजा, असं सांगितलं. सगळ्यांचंच तसं करतायत. बरी आहे म्हणाले. कुणाशी तरी भांडतेय म्हणाले. मी फोन हातातच धरून बसलेय.

पण शनिवारी तिला जिथे खुर्ची मिळालीय ते तू ओळखलंच असशील. मी दुसरीकडे मागितली होती. गावच्या आसपास कुठेच रिकामी नाही, सगळी क्लिनिकं आपल्याच लोकांनी भरतायत, आणि माझ्या आईसाठी दुसऱ्या कुणाला उठवा असं मी म्हणू शकत नाही. च्याईचं तेच मोठं हॉस्पिटल, तोच दुसरा मजला, आणि मशीनं बाबांच्या वेळची. ती नाही म्हणेल. बातमी ऐकून म्हणेल, 'बघा, पोरीचं सिद्ध केलेलंही फसलं, सुटले मी', आणि आपल्या खोलीत जाऊन पडेल. शनिवार चुकला आणि मंगळवारपर्यंत ती तशीच राहिली तर काय होतं ते तू एकदा बघितलंयस, तिला उचलून गाडीत घातलं होतंस तेव्हा. या वेळी ती तुला उचलू देणार नाही.

तर आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते. तू तिला खोटं सांगायचंयस, आ-तेक, सात वाजायच्या आत, आणि ते तू शेडमध्ये एकट्यानं दहादा म्हणून बघ, कारण खोटं बोलताना तुझे कान लाल होतात. तिच्यासमोर बस, हेल्मेट काढून बस. म्हण, ताईला नवीन मशीनबद्दल शंका आली, म्हणून तिनंच ते बंद करवलंय. आणि म्हण, ताईनं मोठ्या हॉस्पिटलातलं जुनं मशीन तपासलंय, ते पक्कं आहे. मी ते तपासलेलं नाही. त्याचा प्रोग्राम मी कधी पाहिलेलाही नाही, तो कुणी लिहिला हे सांगणारंही आता कुणी उरलं नसेल. इतकी वर्षं चालतंय, एवढंच त्याच्याबद्दल म्हणता येतं, आणि तसल्या बोलण्याला मी जन्मभर हसत आलेय. ती विचारेल, "कधीच जास्त पाणी काढणार नाही?" तू म्हण, कधीच नाही. तेवढ्यावर उठून जाऊ नकोस, कारण ती दुसरा प्रश्न विचारणार आहे. ती विचारेल, "मग तुझे बाबा?" तेव्हा खाली बघू नकोस. म्हण, ताईनं तेही तपासलं. मशीन नीटच होतं. बाबांचं हृदय थकलं होतं, त्यांना कुणी पिळून काढलं नाही. मला ते माहीत नाही रे. तेवढं एक कळावं म्हणून मी इतकी वर्षं हे काम केलं, आणि ते मला आता कधीच कळणार नाही. पण तू म्हण. माझ्या नावानं म्हण. आणि शनिवारी तिला स्कूटरवर नको, गाडीतून ने, तिच्या चपला तुझ्या मांडीवर घे, आणि सुई निघेपर्यंत तिच्या शेजारून हलू नकोस.

तुझीच, खूप घाबरलेली,
बी-लिएन ताई